रविवारचे बाप

गाडीचा वारा आधी लागला, रंग मागून दिसला. यूजीन मॅकॅफर्टी त्या वेळी पुलाच्या तोंडाशी, रस्त्याच्या बरोबर मधोमध होता. समोरच्या सिग्नलच्या खांबावरचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला होता, पण विझला नव्हता. निदान यूजीनला तसं वाटलं होतं, आणि स्वतःला जे वाटतं त्याबद्दल त्याची आयुष्यात कधीच पुरती खात्री नसे. उजवीकडून काहीतरी गुरगुरत आलं, त्याच्या पोटापासून हातभर अंतरावरून वळसा घेऊन गेलं, त्याच्या कोटाचं टोक उचललं गेलं आणि परत मांडीवर येऊन पडलं. एवढंच. कुणी ओरडलं नाही, टायर किंचाळले नाहीत. आणि यूजीनने काय केलं, तर हात वर केला. माफ करा, चूक माझीच, अशा अर्थाचा तो हात होता. बसमध्ये दुसऱ्याचा पाय आपल्या पायावर पडला तरी तो असाच हात वर करायचा. हात वर असतानाच त्याला गाडीची पाठ दिसली. निळी, बुटकी गाडी, मागच्या काचेत लाल-पांढरा गळपट्टा, आणि खाली पांढऱ्या पाटीवर नारिंगी ‘आर’ – परवाना नुकताच मिळालेल्या पोरांनी वर्षभर लावायचं ते. ही गाडी रोज त्याच्याच दारात उभी असे. तिच्या किल्ल्यांचा एक जोड घरी त्याच्याच टेबलाच्या खणात होता. पलीकडच्या फूटपाथवर पोचल्यावर त्याने कठड्याला हात लावला, खाली फॉइल नदीचं तपकिरी पाणी बघितलं, आणि मग दुसरं काही सुचेना म्हणून तो नेहमीसारखा वाचनालयात कामावर गेला. त्या शनिवारी दुपारभर तो परत आलेली पुस्तकं लावत होता. गुलाबाच्या कलमांचं पुस्तक त्याने कायद्याच्या कपाटात ठेवलं, आणि ते लक्षात आल्यावरही तिथून काढलं नाही.

आता रविवारची सकाळ होती, चर्चमधली मिस्सा आटोपली होती, आणि यूजीन त्याच निळ्या गाडीत बसला होता. या गाडीत खरं म्हणजे बसायचं नसतं, उतरायचं असतं, विहिरीत उतरावं तसं. त्याच्या मुलाने, ओरनने, सीट इतकी खाली आणि मागे नेऊन ठेवलेली असे की यूजीनला प्रत्येक रविवारी आधी ती वर ओढावी लागे. मग आरसा, मग दुसरा आरसा. किल्ली फिरवली की मागे एक्झॉस्ट खाकरे आणि शेजारच्या घरातला पडदा हले. डॅशबोर्डच्या खाली, गुडघ्याजवळ, काडेपेटीएवढी काळी डबी होती. विमा कंपनीने बसवलेली. एकोणीस वर्षांच्या पोराला या शहरात डबीशिवाय कुणी विमा देत नाही. पोरगा किती वेगाने जातो, वळण कसं घेतो, ब्रेक किती जोरात मारतो, हे ती डबी कंपनीला कळवते, पोराच्या फोनवर शंभरापैकी चालता आकडा दिसत राहतो आणि आठवड्याच्या शेवटी कंपनी तो पक्का करते. आकडा पन्नासच्या खाली राहिला की विमा रद्द, आणि एका कंपनीने हाकललेल्या पोराला दुसरी दारात उभं करत नाही. डबीला सगळं कळतं. फक्त स्टिअरिंगवर कोण बसलंय ते कळत नाही.

हे त्याच्या बायकोच्या, डर्वलाच्या ध्यानात आलं होतं. मागच्या शरद ऋतूत ओरन तापाने पडला आणि यूजीनने गाडी टायर बदलायला नेऊन आणली, त्या आठवड्यात आकड्याने उडीच मारली. डर्वला व्यवहारी बाई. "अरे, नाहीतरी रविवारी तू पुस्तक तोंडावर पालथं घालून लोळतोस," ती म्हणाली होती. "मोव्हिलपर्यंत जाऊन येत जा. विम्यात तुझंही नाव आहे, त्यात चोरी कसली? जन्मात एकदा तरी उपयोग झाला बाबा तुझ्या चालवण्याचा." तिच्या बोलण्यात विष नव्हतं. यूजीनच्या चालवण्याची घरात जुनीच थट्टा होती. पस्तिशी उलटल्यावर तो शिकला, तेही ओरनच्या वेळी ती गरोदर राहिली म्हणून. ओरन म्हणायचा, डॅडी चालवतो तेव्हा मागच्यांना वाटतं अंत्ययात्रा चाललीय, लोक रस्त्यात थांबून टोप्या काढतात. यूजीन यावर हसायचा. खरं तर त्याला त्यात थोडा मान वाटायचा. बाकी कुठल्या बाबतीत तो इतका ठाम होता?

मफ गावाजवळ दोन देशांमधली सरहद्द ओलांडली. ओलांडली म्हणजे काय, तर डांबराचा रंग बदलला आणि वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर झाल्या. परवाना मिळाल्यावर ओरनने पहिल्यांदा बापाला इकडून नेलं होतं तेव्हा याच जागी त्याने पाय दाबला होता. "पाटीवर ऐंशी लिहिलंय, डॅडी!" "ते किलोमीटर, गाढवा! तुझ्या गाडीत मैल आहेत!" "माझ्या शाळेत एवढं शिकवलं नाही." आणि दोघेही हसले होते. यूजीन सुद्धा. हेच त्याला आता आठवत होतं, की आपण हसलो होतो, आणि हसताना दाराच्या वरचा दांडा घट्ट धरला होता. भीती वाटली होती का? वाटली होती. पण शेजारी बसलेलं ते लांब मानेचं पोर इतकं आनंदात होतं, आणि बापाला शेजारी बसवून नेण्याचा हट्ट त्याने आपणहून केला होता, की भीती बोलून दाखवणं म्हणजे भेट परत करण्यासारखं झालं असतं.

काल रात्रीच्या जेवणाला ओरन असाच आनंदात होता. बंक्रानाच्या पलीकडे एका वीजवाल्याकडे तो उमेदवारी करत होता. नखांत काळं, केसांत भिंतीची धूळ, खुर्ची उलटी फिरवून बसला आणि सॉसेज काट्याला टोचताटोचता म्हणाला, "आज एक म्हातारा जवळजवळ बॉनेटवर घेतला होता."

"येशू, मारिया आणि योसेफ!" डर्वला म्हणाली.

"काही झालं नाही गं, मॅमी. पुलापाशी. रस्त्याच्या मधोमध उभा, खांब पुरल्यासारखा. टोपीवाला. घरचा पत्ता विसरला असेल. मी असा वळसा घातला ना, लोण्यातून सुरी जावी तसा. ब्रेकला पायसुद्धा लावला नाही."

"का नाही लावलास? पाय काय गहाण पडलाय?"

"आकडा जातो ना! आणि पुढची गंमत ऐक. त्यानेच हात वर केला. सॉरी म्हणतोय! मला! आरशात दिसलं, असा उभा, शाळेत बाईंना विचारतात तसा."

ओरनने हात वर करून दाखवला. नक्कल चांगली होती. कोपर किंचित वाकलेला, बोटं अर्धवट मिटलेली. यूजीनला आपला हात कसा दिसतो हे पहिल्यांदाच कळलं. डर्वलाला हसू आलं, तिने ते रुमालात दाबलं. "बिचारा," ती म्हणाली. "घरी जाऊन बायकोची बोलणी खाल्ली असतील." यूजीनने मटारचा वाडगा पुढे केला. कुणी मागितला नव्हता. मग ओरनचा फोन वाजला, कंपनीचा शनिवारचा निरोप; तो त्याने मोठ्याने वाचला. "शाबास, ओरन! या आठवड्यात तुमचं वाहन चालवणं अतिशय सफाईदार होतं. अठ्ठ्याहत्तर! बघितलंस, डॅडी? सफाईदार. मी नाही म्हणत, कंपनी म्हणतेय." आणि त्याने बापाच्या पाठीवर थाप मारली, कारण अठ्ठ्याहत्तर कुणामुळे झाले हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ती घरातली एक गोड गोष्ट होती, तिघांचं मिळून एक गुपित. बोलायचं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्या क्षणी यूजीनला दरवाजाजवळच्या खुंटीवर टांगलेली आपली टोपी दिसत होती, आणि त्याच्या मनात आलं ते एवढंच की कुणाचं तिकडे लक्ष जाऊ नये. आपल्याला लाज कशाची वाटतेय हे त्याला कळेना. जो मेला असता त्यालाच लाज वाटत होती.

आणि ब्रेकचं ते. ते तर त्यानेच शिकवलं होतं. पहिल्या वेळी आकडा घसरला तेव्हा त्याने पोराला टेबलाशी बसवून, वाचनालयात लहान मुलांना सांगतो तशा आवाजात सांगितलं होतं: सगळ्यात जास्त आकडा जातो तो ब्रेकने, तेव्हा जोरात ब्रेक मारायचा नाही, लांबूनच बघायचं, लांबूनच वेग कमी करायचा, म्हणजे ब्रेकची गरजच पडत नाही. वाक्य चांगलं होतं, पण लांब होतं. ओरनने त्यातलं अर्धं घेतलं. अर्धं वाक्य सोपं होतं. काल पुलाच्या तोंडाशी त्या पोराचा पाय नक्कीच क्षणभर हलला असेल, हलायलाच हवा, कुठल्याही जिवंत माणसाचा हलेल. आणि मग त्याला बापाचे शब्द आठवले असतील. काल रात्रीपासून यूजीन हा विचार जिभेने दुखरा दात चाचपावा तसा चाचपत होता. डबीने काल काही नोंदलं नव्हतं. तिच्या दृष्टीने पुलापाशी काहीच घडलं नव्हतं.

समोरून हेगर्टी आला. जन्मभर दुधाची गाडी चालवलेला, आडव्या अंगाचा माणूस, पोरीच्या पिवळ्या गाडीत असा बसला होता जसा मोठा पाव छोट्या डब्यात कोंबावा. सीटच्या खोळी जांभळ्या, आरशाला फासे लटकलेले. त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं, यूजीनने एक बोट उचललं. त्याच्या मागून आणखी एक, मागे पंख लावलेली काळी गाडी, आत पांढऱ्या मिशांचा गृहस्थ. त्यानेही बोट उचललं. फॉइलच्या खाडीकाठच्या या रस्त्यावर रविवारी सकाळी शहरातले बाप असे निघतात: गुरगुरणाऱ्या, जमिनीला टेकलेल्या, नारिंगी ‘आर’ मिरवणाऱ्या गाड्या, आणि आत चष्मा सावरत पुढे वाकलेले, पाठदुखीवाले, बिशपच्या मिरवणुकीत चालावं तसे चालवणारे म्हातारे. पोरं घरी झोपलेली असतात. पहिल्या वेळी यूजीनला हे दृश्य बघून मनापासून आनंद झाला होता. आपण एकटे नाही. आयुष्यात पहिल्यांदाच आपण एखाद्या टोळीत आहोत, असं त्याला वाटलं होतं.

मोव्हिलला पाण्याकाठी चहाची गाडी उभी असते. तिथे सगळे थांबतात, उतरतात, म्हणजे चढून बाहेर येतात, आणि कंबर धरून उभे राहतात. आकड्यांच्या गप्पा चालतात, फुटबॉलच्या चालाव्यात तशा. हेगर्टी परत वळून आला होता आणि ऐकणारे मिळाल्याने खुलला होता. "माझी एकावन्नवर लोंबकळत होती," तो सांगत होता. "आणखी एक चौक, की गेली असती खाली. मी म्हटलं, बये, तू चालव, मी मागे बसून प्रार्थना करतो. तर म्हणते कशी, डॅडी, तू चालव, प्रार्थना मी करते!" लोक हसले. मग एकदम हळू हसले. जुनी करडी मोठी गाडी येऊन कडेला लागली होती आणि पॅकी ब्रॅडली उतरत होता. पॅकीने सगळ्यांकडे बघून मान हलवली, चहा घेतला आणि तो पाण्याकडे तोंड करून बाकावर जाऊन बसला. त्याचा मुलगा टीर्नन हिवाळ्यात गेला होता. बंक्रानाच्या वळणावर, दगडी भिंतीवर, एकटाच. तेव्हापासून पॅकी आपल्या स्वतःच्या गाडीने येत होता. का येतो, हे कुणी विचारलं नव्हतं. तो असेपर्यंत आकड्यांबद्दल कुणी बोलत नसे. पाऊस, पेट्रोल, कुणाचं ऑपरेशन, असं काहीतरी निघे.

यूजीन बाकापाशी गेला. का गेला हे त्यालाही सांगता आलं नसतं. सांत्वन करणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि आज तर तो करायला गेलाच नव्हता.

"बस की," पॅकी म्हणाला. "चावत नाही मी. हे सगळे असे बघतात जसं काही मला लागण झालीय."

"तसं नाही, पॅकी."

"तसंच आहे. मीही तसंच केलं असतं." त्याने चहा फुंकला. "रविवारी घरात बसून करू काय? ती बहिणीकडे जाते. वर त्याची खोली. डोक्यावर कुणी चालत नाही, त्याचाच आवाज होतो रे." मग कप खाली ठेवून, "ओरनचा किती आहे?"

यूजीनने टोपी सारखी केली. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला.

"चांगला आहे."

"हो."

"टीर्ननचा ब्याण्णव होता." पॅकी पाण्याकडेच बघत होता. "घरात शवपेटी ठेवली होती, दोन दिवस लोक येत होते, आख्खा मोहल्ला आला. प्रत्येक जण माझा हात हातात घेऊन तेच. पॅकी, असा सांभाळून चालवणारा पोरगा, असा कसा गेला? फादरही म्हणाले, वेदीवरून. मी आपला हो, हो. आभारी आहे. चहा घ्या." तो थांबला. "ब्याण्णव माझे होते, यूजीन. तो कसा चालवायचा हे मला माहीतच नाही. मी ते कधी बघितलंच नाही. आठवडाभर तो जे काही लिहायचा ते मी रविवारी येऊन पुसून जायचो. स्वच्छ."

यूजीनला काहीतरी म्हणायचं होतं. तो म्हणाला, "चहा गार होईल." पॅकीने मान हलवली, जसं काही हे उत्तर बरोबरच होतं.

परतताना खाडीच्या कडेने रस्ता एका ठिकाणी सरळ होतो. डावीकडे पाणी, उजवीकडे मेंढ्या, मध्ये कुणी नाही. यूजीनने आरशात बघितलं. मागे कुणी नव्हतं. त्याने वेग वाढवला, गाडीने आनंदाने तो घेतला, आणि त्याने ब्रेकवर पाय ठेवला. पण पाय आपल्या जुन्या सवयीने हळूच, एकेका इंचाने खाली गेला आणि गाडी म्हाताऱ्या बाईला उतरवायचं असल्यासारखी अलगद थांबली. त्याला स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांत कुणाला धक्का बसेल असं त्याने काही केलं नव्हतं. दारंसुद्धा तो मूठ दाबून लावायचा. आणि हे करून तरी काय होणार होतं? गाडी जाईल, पोराचं काम जाईल, डर्वला तोंड फिरवेल. पोरगा सुधारेल याची खात्री कुठे आहे? खात्री तर कशाचीच नाही. त्याने पुन्हा आरशात बघितलं, पुन्हा वेग घेतला, आणि या वेळी पायावर सगळं अंग टाकलं. पट्टा गळ्याखाली रुतला. सीटखालून एक रिकामा डबा आणि एक पाना घरंगळत पुढे आले. रबराचा वास आला. मेंढ्यांनी माना वर केल्या. छाती धडधडत होती, आणि त्या धडधडीत भीतीशिवाय आणखी काहीतरी होतं, हलकं, तरतरीत, तरुण असं काहीतरी, जे त्याला मुळीच आवडलं नाही, कारण ते त्याला आवडलं होतं. मग हे असं असतं तर. त्याने पुन्हा केलं. पुन्हा. प्रत्येक वेळी आधी आरशात बघून.

हेगर्टीची पिवळी गाडी मागून येताना दिसली तेव्हा तो कडेला थांबला. हेगर्टीने शेजारी येऊन काच खाली केली. "काय रे, कुत्रं आलं का मध्ये?"

"नाही."

"मग रस्त्यावर हे काय काढतोयस?"

"ब्रेक बघतोय."

"लागतात?"

"लागतात."

"मग पुरे की, बाबा! आकड्याचं वाटोळं होईल." हेगर्टीने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं, काच वर केली आणि निघून गेला. त्याची गाडी वळणाआड होईपर्यंत यूजीन थांबला. मग त्याने आणखी दोनदा केलं. कोटाच्या खिशात फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. चालवताना फोन घ्यायचा नसतो. त्याने घेतला नाही.

घरासमोर ओरन अनवाणी उभा होता, पायजम्यात, हातात फोन. गाडी थांबायच्या आत त्याने दार उघडलं. "डॅडी! लागलंय का कुठे? फोन का नाही उचललास? सगळं लाल लाल यायला लागलं, एकामागून एक, मला वाटलं—" त्याने बापाच्या खांद्याला हात लावला, मग मानेला, जसा ताप बघतात. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता, आणि त्यात यूजीनला तीन-चार वर्षांचं एक पोर दिसलं, जत्रेत हात सुटलेलं. मग ओरनने गाडीकडे बघितलं. पुढून, मागून. ओरखडासुद्धा नव्हता. "कोण आडवं आलं?"

"कुणी नाही. मीच मारले."

"मीच म्हणजे?"

"मुद्दाम."

पुढचं सगळं पायरीवरच झालं, शेजारचा पडदा उघडा असताना. "एकतीस!" ओरन ओरडत होता. "अठ्ठ्याहत्तरचे एकतीस! आता ठेवतील का ते मला? गाडी गेली की काम गेलं, कळतं का तुला? पहाटे बंक्रानाला कुठली बस जाते? सांग ना, तू सगळं वाचतोस, सांग!"

"मी सोडीन."

"तू? पोचेपर्यंत घर बांधून होईल!"

डर्वला हात पुसत बाहेर आली. "यूजीन, डोकं फिरलं का तुझं? पोरगा इतक्या कष्टाने—"

"कष्ट माझे होते," यूजीन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण दोघेही त्याच्याकडे वळले, कारण तो कधी मध्ये बोलत नसे. "अठ्ठ्याहत्तर माझे आहेत. मला याचा आकडा बघायचाय. माझा नको."

"का पण? एकाएकी? काहीतरी कारण सांग ना!"

कारण सांगायचं म्हणजे पुन्हा वाक्य लांब झालं असतं. यूजीनने फक्त म्हटलं, "काल पुलापाशी. तो मी होतो."

ओरन हसणारच होता. "नाही," तो म्हणाला. "तो कुणीतरी म्हातारा होता, डॅडी."

डर्वलाचा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच राहिला. ओरन बापाकडे बघत होता. यूजीनला कळलं की पोरगा आता त्याला मापतोय: टोपी, कोट, उंची, किंचित वाकलेले खांदे. हे सगळं इतकी वर्षं त्याच्या समोरच होतं. ओरन वळला आणि अनवाणी जिना चढून गेला, आणि वरचं दार लागलं, जोरात नाही. यूजीनला वाटलं होतं की बोलल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आपण हे पोराच्या भल्यासाठी सांगितलं की त्याला दुखवायला, हे त्याला कळेना, आणि तो इतका थकला होता की पायरीवरच बसला. डर्वला शेजारी बसली. तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, आपल्या मांडीवर ठेवली आणि तिच्यावरची लव एकेक करून वेचत राहिली.

त्याच आठवड्यात कंपनीने विमा रद्द केला. निळी गाडी दारात उभी राहिली, तिच्या काचेवर ओली पानं चिकटली. आणि आता रोज, उजाडायच्या सुमारास, यूजीन आपली जुनी गाडी काढतो. रात्री झोप धड लागत नाही, सकाळी गुडघे बोलतात. वाचनालयात दुपारी त्याचा डोळा लागतो आणि मुलं एकमेकांना कोपराने खुणावतात. हे निदान वर्षभर चालणार, आणि त्याने काय सिद्ध होणार हे त्याला ठाऊक नाही. ओरन शेजारी बसतो, डोकं काचेला टेकून, पुढे पोलादी टोक असलेले कामाचे जड बूट पायात. बोलत नाही. चिडून नाही, आता तेही सरलंय. मागे गाड्यांची रांग लागते, कुणीतरी हॉर्न मारतं, कुणीतरी ओलांडून जाताना बोटं दाखवतं, आणि दोघेही ते बघत नाहीत.

आज सकाळीही तसंच चाललं होतं. बंक्रानात शिरताना बेकरीची व्हॅन कडेला उभी होती, मागचं दार उघडं. यूजीनला ती दिसत होती. पण ती नुसती दिसत होती, झोप न झालेल्या माणसाला दिसतं तशी. पावांचे ट्रे छातीशी धरलेला माणूस त्या दारामागून एकदम रस्त्यात आला. यूजीनने ऐकला तो एक दणका. शेजारी, खाली. ओरनचा बूट पायाखालच्या पत्र्यावर आपटला होता, जिथे ब्रेकच नव्हता. त्या आवाजाने यूजीनचा पाय जागा झाला आणि गाडी नाक खाली घालून थांबली. वरचा ट्रे घसरला. पावाच्या माणसाने बॉनेटवर थाप मारली, दोघांच्याही सात पिढ्यांना एक कचकचीत शिवी हासडली, पडलेले पाव गोळा केले आणि तो दुकानात गेला.

रस्ता मोकळा झाला. यूजीनने पहिला गियर टाकला. मागच्याने हॉर्न वाजवला, मग त्याच्या मागच्याने. त्याने शेजारी बघितलं. ओरन सरळ समोर बघत होता, ओठ घट्ट मिटून. त्याचा उजवा पाय अजून खाली दाबलेलाच होता, सगळं अंग टाकून. तो पाय वर येईपर्यंत यूजीनने गाडी हलवली नाही.